बुरुजाखालची मोरी

त्या दिवशी बासा, माझे वडील, उजाडताच गडावर गेले होते. पावसाळ्याच्या तोंडावर मोरी साफ करायची हा त्यांचा नेम. लांब काठीच्या टोकाला लोखंडी पळी बांधायची, भिंतीच्या बुडाशी पोटावर पालथं पडायचं आणि वर्षभर वाऱ्यानं आत कोंबलेली वाळू थोडी थोडी करून बाहेर ओढायची. परत आले तेव्हा त्यांच्या दाढीत वाळू होती, भुवयांत वाळू होती. मी चहा पुढं ठेवला.

"या वयात पोटावर सरपटता. पूंजराजला सांगायचं होतं."

"तो सरपटला तर आतच अडकेल. पोट बघितलंस त्याचं?"

माझा धाकटा भाऊ पूंजराज अंगणात ट्रॅक्टरच्या खाली आडवा होता. तिथूनच ओरडला, "ऐकतोय मी, बासा."

"ऐकावं म्हणूनच बोलतोय. नऊ दिवस झाले, तुझा धुरा काही बसत नाही. याच्यापेक्षा माझी सांडणी बरी. मरेपर्यंत तिच्या चारी पायांचा एकही नट ढिला झाला नाही."

भावजय, उगम, पदराआड हसली. मीही हसले. त्या घरात सगळे एकदम हसले, असं ते शेवटचं.

पूंजराजच्या ट्रॅक्टरला पाण्याची टाकी जोडलेली असते. आमच्या वस्तीची अकरा घरं आणि त्यांच्या शेळ्या त्या टाकीवर जगतात. नऊ दिवस ती हलली नव्हती. घरातल्या टाक्याच्या तळाशी चिखल लागला होता. उगम बाजेवर बसून अंघोळ करायची, खाली परात ठेवायची, परातीतलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं शेळ्यांना. मी जोधपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवते. सुट्टीला आले की पहिले चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. सुट्टीचा तो सातवा दिवस होता. मी पुस्तक उघडत होते, मिटत होते, दारापर्यंत जात होते, परत येत होते.

केलणोटचा गड आमच्या दारातून दिसतो. दिसतो म्हणजे दुसरं काही दिसतच नाही. वाळूच्या समुद्रात एक टेकाड, त्यावर पातळ विटांची तटबंदी, विटांच्या पोटात माती. सात बुरूज होते म्हणतात; मी जन्मले तेव्हा पाच होते, त्या सकाळपर्यंत चार. पश्चिमेला वाळू तटाच्या डोक्यापर्यंत चढली आहे, शेळ्या तिथून थेट वर जातात आणि तोफेच्या जागी बसून रवंथ करतात. छपरांचे वासे लोकांनी कधीच चुलीत घातले. विटांना लोणा लागला आहे. बोट लावलं की पीठ गळतं. सिंधकडचे तांडे इथं थांबायचे, जकात द्यायचे, विहिरीचं पाणी प्यायचे. ती विहीरही आटली त्याला आता चाळीस वर्षं झाली.

सरकारी कागदावर बासा चौकीदार होते. वस्तीत त्यांना किल्लेदार म्हणत. आमच्या घराण्यातले ते तेरावे. गडाची किल्ली त्यांच्या उशाशी खुंटीला असायची, वीतभर लांब. आतमध्ये कुलूप लावावं असं काही उरलं नव्हतं. तरी ते रोज जात, दार उघडत, एक फेरी मारत, दार लावत. पूंजराज दोन वर्षं त्यांच्या मागं लागला होता, "एका डोळ्यानं दिसत नाही तुम्हाला, किल्ली माझ्याकडं द्या." बासा म्हणत, "पाहायला एक पुरतो. दोन लागतात ते बायको निवडायला."

गडाचा एकच नियम त्यांनी आम्हाला लहानपणी शिकवला होता. आत पाणी थांबू द्यायचं नाही. तहानेनं गड पडत नाही, तो पाण्यानं पडतो. उतार सगळा ईशान्येच्या बुरुजाकडं, बुरुजाच्या बुडाशी मोरी, पडेल तो थेंब मोरीतून बाहेर गेला पाहिजे. आम्ही त्यांना म्हणायचो, परातीतलं पाणी तीनदा वापरायचं आणि इथलं सोडून द्यायचं? ते म्हणायचे, हो.

त्या दुपारी जेवून बासा झोपले. दक्षिणेकडं आभाळ काळं होत चाललं होतं. उगमनं रिकामी मडकी दारात ओळीनं लावली आणि मला म्हणाली, "बाईसा, दोन बोटं पाऊस पडेल, नुसती मडक्यांची तोंडं ओली होतील. गडाचं सगळं आंगण वाहून जाईल आणि आपण इथं बसून बघायचं."

माझ्या डोक्यात तिथंच ते शिरलं. गडाचं आंगण फरसबंदीचं आहे. दोन बोटं पाऊस जरी तिथं साठला तरी शंभर मडकी भरतील. तासाभराचं काम. भरून घ्यायची आणि मोरी उघडायची. मी खुंटीवरची किल्ली काढली. बासा कुशीवर झोपले होते, तोंड थोडं उघडं होतं. त्यांना उठवलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून मी उठवलं नाही.

गडात मी एका फाटक्या पोत्यात वाळू भरली, ते मोरीच्या आतल्या तोंडात घट्ट बसवलं, वरून पायानं दाबलं. हात झटकले. मला बरं वाटत होतं. सात दिवसांत पहिल्यांदा हाताला काम मिळालं होतं.

पाऊस चारच्या सुमाराला आला. दोन बोटं नाही. आमच्याकडं असा पाऊस माणसाच्या आयुष्यात एखादा. पहिला अर्धा तास सगळी वस्ती बाहेर होती, म्हाताऱ्या बायका ओढण्या पसरून उभ्या, पूंजराज ट्रॅक्टरवर चढून नाचत होता. दारातलीच मडकी भरून वाहू लागली, गडावरच्या पाण्याची कुणाला गरजच उरली नाही. मग वारा फिरला आणि नाचणारे आत पळाले. आमच्या घरापासून गडापर्यंत जी वाट आहे तिथं गुडघाभर ओढा धावू लागला. बासा दारात उभे राहून बघत होते.

"बरं झालं, आज सकाळीच मोरी काढली," ते म्हणाले. "नाहीतर आज काही खरं नव्हतं."

मी त्यांच्या मागं उभी होते. किल्ली मी परत खुंटीला लावली होती. मी म्हणाले, "आत या, अंगावर उडतंय."

रात्रभर पाऊस ऐकला. सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. वाटेवरचा ओढा घोट्याइतका राहिला होता. बासांनी फेटा बांधला, किल्ली घेतली.

"मोरी बघून येतो. गाळानं तुंबली असेल."

चाळीस फूट लांब उभी होते मी. नाही, चार फूट. चूल माझ्याच पुढ्यात होती. मी त्रेचाळीस वर्षांची बाई, वर्गात ऐंशी मुलांसमोर बोलते, आणि मला माझ्या बापाच्या एका डोळ्याच्या नजरेची भीती वाटली. मी म्हणाले, "चहा घेऊन जा."

"आल्यावर," ते म्हणाले.

बुरूज पडल्याचा आवाज मोठा नव्हता. पोतं टाकल्यासारखा. चूल फुंकताना मला वाटलं पूंजराजनं काहीतरी खाली टाकलं.

अख्खी वस्ती खणत होती. चाळीस माणसं, फावडी, घमेली, काहींनी हातांनीच. दुपारपर्यंत बासा सापडले. संध्याकाळी ढिगारा उपसताना मोरीचं तोंड लागलं आणि त्यात घट्ट बसलेलं पोतं. कुणीतरी ते उपसून बाहेर टाकलं. सगळे त्याच्याभोवती गोल उभे राहिले. मग कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "वाऱ्याची वाळू अडवायला बसवलं असेल, काढायचं राहिलं. वय झालं होतं."

बस, तेवढंच. त्या वाक्यावर कुणी शंका घेतली नाही. तिसऱ्या दिवशी पुरातत्त्व खात्यातला साहेब आला, फोटो काढले, कागदावर लिहिलं, देखभाल करणाऱ्याकडून हयगय. मी ते उलटीकडून वाचलं. मला उलटी अक्षरं वाचता येतात, परीक्षेच्या हॉलमध्ये शिकले. साहेबानं मला विचारलं, "तुमचं काही म्हणणं?" मी त्याला पाणी दिलं.

सुतकाचे दिवस मी चालून काढले. आतल्या खोलीत बायका बसायच्या, बाहेर सतरंजीवर पुरुष. येणाऱ्याच्या तळहातावर अमलाचं, म्हणजे अफूचं, पाणी धरलं जायचं, तो ओठ लावायचा, बासांची आठवण काढायचा, उठायचा. मी पाणी आणायची, पेले विसळायची, विसळलेले पुन्हा विसळायची. उगम म्हणायची, "बाईसा, बसा की हो जरा. तुमच्या पायांना काय मुंग्या चावतात?" बसलं की मला पोत्याचं तोंड दिसायचं. मी ते सुतळीनं बांधलं होतं, दोन गाठी मारून.

दहाव्या दिवशी मेहरू खान आला. मेहरू मांगणियार, आमच्या घराण्याचा गाणारा. त्याचे पूर्वज आमच्या पूर्वजांची नावं म्हणत आले. बाराव्या दिवशी वारसाला पगडी बांधतात, तेव्हा तो भर बैठकीत तेराच्या तेरा किल्लेदार म्हणणार होता. प्रत्येकाची एकच ओळ. जैतसी, ज्यानं साठ पुरुष खोल विहीर खणली आणि पहिला घोट उंटाला पाजला. हरनाथ, ज्यानं वेढ्यात तीन महिने कातडं उकळून खाल्लं, दार उघडलं नाही. सुरताण, जो झोपला आणि दार जळालं. माझे आजोबा, ज्यांच्या काळात सीमेची रेघ पडली आणि उंट यायचे थांबले, तरी ते रोज वाट झाडत राहिले. माझा इतिहास मी या ओळींतून शिकले, पुस्तकं नंतर वाचली. ज्या गडाबद्दल पुस्तकांत जेमतेम दीड पान आहे, त्याचं सगळं आयुष्य त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात आहे.

सुरताण दीडशे वर्षांपूर्वी एका रात्री झोपला. त्याच्या शाखेतल्या मुलांना लग्नात अजून उशी आंदण देतात, हसत हसत. एकानं तर गावच सोडलं.

मेहरू ओसरीच्या पायरीवर बसला. वर बसायचा नाही तो कधी, बासांनी किती सांगितलं तरी. मी दाराच्या आत चहा गाळत होते.

"हुकूम," मालकाला द्यायची हाक देऊन तो पूंजराजला म्हणाला, "त्यांची ओळ अजून बसत नाही."

"मग नको म्हणू."

"असं कसं? ज्याची ओळ नाही तो झालाच नाही."

"काय म्हणणार आहेस ते तरी सांग."

मेहरूनं ओळ म्हणून दाखवली. "आईदानसिंग, ज्याच्या हातून मोरी मिटलेली राहिली."

पूंजराज उठला. मला वाटलं तो त्याला मारतो. "पन्नास वर्षं! पन्नास वर्षं त्या माणसानं ती भिंत अंगावर घेतली. पाठीवर माती वाहिली. सीमेवरच्या शिपायांनी तटावर नावं कोरली तर हा चुन्यानं एकेक नाव बुजवत बसला. आणि तू त्याचं पोतं गाणार? माझ्या बापाचं मीठ खाल्लंस ना रे म्हाताऱ्या?"

"मीठ खाल्लं म्हणून तर खोटं म्हणता येत नाही." मेहरूचा आवाज चढला नाही. "पोतं चाळीस जणांनी पाहिलं. मी गोड म्हटलं तर उद्या मुलं विचारतील, याची ओळ गोड केली, मग बाकीच्या बारांचं काय? सुरताणजींची ओळ म्हणताना माझा खापरपणजा रडला होता. पण म्हटली त्यानं. मला दुसरं काही ठाऊक असेल तर सांगा हुकूम, आत्ता बदलतो."

पूंजराज खाली बसला. डोकं दोन्ही हातांत धरलं. "माझंच चुकलं. दिसत नव्हतं त्यांना. मी किल्ली हिसकावून घ्यायला पाहिजे होती. मीच मारलं त्यांना, मेहरूकाका. ते म्हण. पूंजराज, ज्यानं किल्ली वेळेवर घेतली नाही."

"तुमची ओळ तुम्ही गेल्यावर," मेहरू म्हणाला, आणि मग दोघंही रडले.

मी चहा बाहेर नेला. दोन पेले, एक मेहरूच्या वेगळ्या ठेवलेल्या ताटलीत. मी विचार करत होते की आता, आत्ताच. तोंड उघडलं तर शब्द बाहेर येतील, त्यांना दुसरी वाट नाही. मेहरूनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बाईसा, साखर जास्त झाली." मी म्हणाले, "दुसरा आणते." आणि आत गेले.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतःला सगळी कारणं देऊन पाहिली. मेलेल्याला काय फरक पडतो. पूंजराजला कळलं तर भाऊही जाईल. वडील गेले, बुरूज गेला, ओळीनं काय परत येणार. ओळींत आजवर एकाही बाईचं नाव नाही. पहिलं आलं तर ते असं यावं का. सगळी कारणं चांगली होती. मी मुलांना शिकवते, की साधनं तपासा, कुणी लिहिलं, का लिहिलं, कुणाला वाचवायला लिहिलं. मी स्वतःला वाचवत होते, आणि त्यासाठी मला काही लिहावंही लागत नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं.

अकराव्या दिवशी ऊन उतरल्यावर मी गडावर गेले. तीन बुरूज. चौथ्याच्या जागी मातीचा उतार. आतली माती अजून ओलसर होती, हात लावला तर गार. विटांच्या आत एवढी माती असते हे मी पहिल्यांदा पाहिलं. वरून गड दगडासारखा दिसायचा आणि आतून तो तळ्याच्या गाळाचा होता. जैतसीच्या बायकामुलांनी डोक्यावरून वाहून आणलेला. कोरडा होता म्हणून चारशे वर्षं उभा होता. मला तिथं रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. शेळ्या आल्या, त्यांनी ढिगारा हुंगला आणि वर चढून गेल्या.

बाराव्या दिवशी माणसं सकाळपासून येऊ लागली. लांबलांबच्या वस्त्यांवरून, जीपनं, दोन जण उंटावरूनही. सतरंज्या अंगणभर. पूंजराजला मध्ये बसवलं, दाढी केलेला, डोळे सुजलेले, एकदम बासांसारखा. पगडीचं कापड ताटात घडी करून ठेवलेलं. शेजारी किल्ली. बायका ओसरीच्या आत पडद्याआड. उगमनं माझा हात धरून ठेवला होता.

"कुठं निघालात?" ती म्हणाली.

"उभी राहू दे मला."

"बसा. आता म्हणायला सुरुवात होईल."

मेहरू खान उभा राहिला. कमायचा, त्याचं तंतुवाद्य, नव्हता हातात. दुःखाच्या बैठकीत तो नुसत्या गळ्यानं म्हणतो. त्यानं घसा साफ केला, हात कानावर ठेवला. जैतसी आला. त्याच्या मागून एक एक. हरनाथच्या ओळीला म्हाताऱ्यांनी "वाह" केलं. सुरताण आला, आणि मागच्या बाजूला कुणीतरी हलकं हसलं. कुणीतरी "उशी, उशी," असं कुजबुजलं आणि पुन्हा हसू फुटलं. दीडशे वर्षं. मी ते हसू ऐकलं आणि उगमचा हात सोडवला.

आजोबांचं नाव आलं. उंट थांबले, वाट झाडली गेली. मेहरूनं हात पुन्हा कानावर ठेवला.

"आईदानसिंग," तो म्हणाला, "ज्याच्या हातून..."

मी पडदा बाजूला केला. ओसरीच्या तीन पायऱ्या उतरले. सतरंजीच्या कडेला पुरुषांच्या चपला होत्या, त्या ओलांडल्या. कुणीतरी म्हणालं, "अरे, बाईसांना आत घ्या कुणीतरी, दुःखानं..." पूंजराज अर्धवट उठला, "जीजी?" मी त्याच्याकडं बघितलं असतं तर परत गेले असते. मी मेहरूकडं बघितलं.

"थांबा, मेहरूकाका. ओळ चुकतेय."

माझा आवाज मला फार मोठा वाटला, वर्गातला आवाज.

"काय चुकलं, बाईसा?"

"मोरी बासांनी उघडली होती. त्याच सकाळी. दाढीत वाळू घेऊन घरी आले होते, पूंजराजनं पाहिलं, उगमनं पाहिलं. दुपारी ते झोपले तेव्हा मी किल्ली घेतली. पोतं मी भरलं. मी बसवलं, दोन गाठी मारून. पाणी साठवायला." मला श्वास घ्यावा लागला. "आणि दुसऱ्या दिवशी ते मोरी बघायला निघाले, तेव्हा मी चार फुटांवर होते. मला माहीत होतं. मी म्हणाले, चहा घेऊन जा. मोरी मी बंद केली, बासा. मी बंद केली होती."